थर्माकोलची पेशी पुरे झाली: बी.एस्सी.च्या मुलांकडून हातानं जीवशास्त्र करून घ्यायचं तर

फेब्रुवारीत आमच्याकडच्या कुठल्याही सिनिअर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डोकवा. कपाटावर थर्माकोलच्या पेशी मांडलेल्या दिसतील. निळं केंद्रक, हिरव्या लोकरीची जाळी, टाचणीला चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. शेजारी लाल-निळे बल्ब लावलेलं हृदय. स्टेशनरीच्या दुकानात हे सगळं ऑर्डर दिली की तयार मिळतं, वर मुलाचं नाव आणि रोल नंबर घालून. मुलांनी आणलं, आपण मार्क दिले, पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलं. मुलं यातून काय शिकली? आकृतीत जो रंग आहे तो कुठं लावायचा, एवढंच.

माझा राग थर्माकोलवर नाही. ती पेशी मुलाला कधीच ‘नाही’ म्हणत नाही, ही माझी तक्रार आहे. केंद्रक डावीकडे लावा, उजवीकडे लावा, मायटोकाँड्रिया चार करा नाहीतर चाळीस, सगळं गुमान चिकटतं. हातानं करायच्या कामात मुलाला एखादा निर्णय स्वतः घ्यावा लागला पाहिजे आणि तो चुकला तर समोरच्या वस्तूनंच तसं सांगितलं पाहिजे. मॅडमनं सांगायची वेळ येऊ नये. प्रोजेक्ट निवडताना मी ही एकच कसोटी लावते. दिसायला तो किती का गबाळा असेना.

मी गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडच्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. मुलं एसटीच्या पासवर येतात, बहुतेकांच्या घरी धानाची शेती, घरातलं पहिलंच पोर कॉलेजात. सूक्ष्मदर्शक वर्गाला पुरत नाहीत आणि वीज दुपारी हमखास जाते. खाली जे सांगते आहे ते याच परिस्थितीत चालतं. एका गटाला २०० रुपयांच्या वर खर्च येत नाही.

गाळाची बाटली

एकच प्रोजेक्ट करायचा असेल तर हा करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांच्या काठचा काळा गाळ म्हणजे फुकटची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात असल्याच गाळावर काम करून दाखवलं की काही जिवाणू गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवून जगतात. त्याच्या नावानं ओळखला जाणारा स्तंभ पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उभा करता येतो.

एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, गळ्याखाली कापा. गाळातल्या काड्या, पानं, गोगलगायी काढून टाका आणि तलावाचंच पाणी घालून तो भज्याच्या पिठाइतका सैल करा. त्यातला चौथा हिस्सा वेगळा काढा. त्यात बारीक फाडलेला वर्तमानपत्राचा कागद मूठभर, एका अंड्याचा पिवळा बलक आणि त्याच अंड्याच्या टरफलाची पूड मिसळा. कागदातून सेल्युलोज मिळतं, बलकातून गंधक, टरफलातून कार्बोनेट. टरफलाऐवजी पुष्कळजण फळ्यावरचा खडू घालतात. आपल्याकडचा खडू बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. तो बलकाच्या जागी चालेल, टरफलाच्या जागी नाही.

हा मिसळलेला गाळ तळाशी, त्यावर पाऊण बाटलीपर्यंत साधा गाळ, त्यावर तीन-चार बोटं तलावाचं पाणी. बाटली टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे काढा. तोंडावर प्लास्टिकचा कागद किंवा जाड कापड रबरानं घट्ट बांधा. हे टाळू नका. आमचा जिल्हा मलेरियाचा, उघड्या बाटलीत आठवड्याभरात डासांच्या अळ्या वळवळायला लागतात आणि मग प्राचार्यांना काय सांगणार? बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण थेट ऊन लागणार नाही अशी. उत्तरेकडची खिडकी उत्तम. गाळ काढायला जाताना मुलं एकटीदुकटी जाणार नाहीत, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरणार नाहीत, आणि परत आल्यावर साबणानं हात धुतील, हे आधी ठणकावून सांगा.

इथवर तर नुसती कृती झाली. सगळ्या गटांनी अशीच बाटली केली तर ती थर्माकोलच्या पेशीचीच मावसबहीण. म्हणून प्रत्येक गटाला दोन बाटल्या करायला लावायच्या: एक वरच्यासारखी, दुसरीत एकच गोष्ट बदललेली. कोणती, ते त्यांनी ठरवायचं. एखादा गट बलक गाळतो, एखादा कागद गाळतो, कोणी बाटलीला काळा कागद गुंडाळतं, कोणी लाल जिलेटीनचा कागद. आणि बाटली बंद करण्याआधी, त्याच दिवशी, तारीख घालून लिहायचं की दोन महिन्यांनी दोन्ही बाटल्यांत काय फरक दिसेल आणि का.

पहिल्या पंधरा दिवसांत तळ काळा पडत जातो. सल्फेटचं सल्फाइड करणारे जिवाणू कामाला लागलेले असतात, त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडची गाळातल्या लोहाशी गाठ पडली की काळं लोह सल्फाइड तयार होतं. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच, बाटलीत नाक खुपसू देऊ नका. मग महिना-दीड महिना मुलांना वाटतं की काहीच होत नाही. या काळात हटकून कोणीतरी बाटली हलवून बघतं. हलवू देऊ नका. त्यानंतर बाटलीच्या कडेलगत रंग उतरायला लागतात: वर शैवाल आणि सायनोबॅक्टेरियाचा हिरवा थर, मध्ये तांबूस, त्याखाली जांभळट पट्टे, कधी काळ्या तळाच्या जवळ मळकट हिरवा. जांभळे आणि तळाजवळचे हिरवे जिवाणूही प्रकाशसंश्लेषणच करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे ऑक्सिजन सोडत नाहीत, गंधक सोडतात.

इथं थांबा आणि वर्गाला विचारा: मग झाडाच्या पानातून निघणारा ऑक्सिजन कशातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून की पाण्यातून? बारावीला पाठ केलेलं समीकरण सगळ्यांना येतं, याचं उत्तर द्यायला मात्र जीभ अडखळते. व्हॅन नील या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात नेमका याच जांभळ्या जिवाणूंवरून तर्क केला होता की ऑक्सिजन पाण्यातून येत असणार. मुलांच्या समोर तीच बाटली असते. काळ्या कागदातल्या बाटलीत तळ काळा झालेला असतो पण रंगीत थर नसतात, तेव्हा कोणाला उजेड लागतो आणि कोणाला नाही हेही फळ्यावर न लिहिता कळतं. आणि ज्या गटानं ‘बलक नसेल तर काहीच उगवणार नाही’ असं सही करून लिहिलेलं असतं, त्यांच्या बाटलीतही थोडाफार काळेपणा आलेला असतोच. का आला? तलावाच्या गाळात आधीच गंधक होतं म्हणून. हे त्यांचं त्यांनी शोधून काढायचं.

कोंबडीचा सांगाडा

यूजीसीनं २०१४ साली पदवी आणि पदव्युत्तर वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. जुने शिक्षक अजून हळहळतात. मला त्यात फारसं दुःख नाही, कारण बेडूक फाडताना बहुतेक मुलं खिडकीबाहेर बघत असत. पण शरीररचना हाताला कळायची तर काहीतरी हातात हवंच. आठवडी बाजारातली कोंबडी घरी शिजणारच आहे, तिची हाडं वापरायला कोणाची हरकत नसते.

कोंबडी गावरान आणि जुनी घ्यायला सांगा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापायला येतो, त्याच्या हाडांची टोकं तोवर कूर्चेचीच असतात आणि शिजवली की गळून पडतात. एका गटाला मुद्दाम ब्रॉयलर द्या, वाढीच्या चकत्या (हाड जिथून लांब होतं तो कूर्चेचा भाग) म्हणजे काय ते त्यांनाच सगळ्यात आधी समजेल. दुकानदाराला डोकं आणि पाय टाकू नको म्हणून आधी सांगून ठेवायचं. कुकर लावायचा नाही, हाडं भुसभुशीत होतात. पातेल्यात मंद आचेवर शिजवायचं, मांस घरच्यांनी खावं. डावा पंख, उजवा पंख, डावा पाय, उजवा पाय, मान, धड असे भाग वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत ठेवायचे आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची. कांद्याच्या जाळीचे तुकडे यासाठी झकास. चिठ्ठी विसरली की पुढं दोन दिवस डावं-उजवं करत बसावं लागतं.

हाडं घासून, कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात तीन-चार दिवस ठेवून तेल काढायचं, पाणी रोज बदलायचं. मग मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालायचं, हातमोजे घालायचे, काही तास हाडं बुडवायची. भांड्याचं झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू साठतो. संडास धुवायचं ब्लीच वापरू नका, ते हाडच खातं. सावलीत वाळवायचं आणि फेविकॉलनं जोडायचं. फेविक्विक नको म्हणून मी अडून बसते, कारण फेविकॉल पाण्यात भिजवला की सुटतो आणि चुकीचं जोडलेलं हाड काढता येतं. या प्रोजेक्टमध्ये हाडं पुन्हा पुन्हा काढावीच लागतात.

सगळ्यात मोठी अडचण पायाशी येते. एकदा चौघीजणी टेबलाभोवती उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, “मॅडम, गुडघा उलटा वाकून राहिला जी. हाड उलटं लागलं वाटते.” त्यांनी सांधा सोडवला, फिरवून लावला, तर वरचं हाड कमरेच्या खोबणीत बसेना. पुन्हा सोडवला. मग दुसरीनं मांडीचं हाड वेगळं उचललं, त्याच्या टोकाशी असलेला दोन उंचवट्यांचा भाग आणि पुढच्या हाडाचं टोक एकमेकांवर घासून पाहिलं आणि म्हणाली, गुडघा तर हा वर आहे, पिसांत. मग खाली मागं वाकतो तो सांधा कोणता? तिनं आपलाच पाय वर घेतला, टाच उचलून बोटांवर उभी राहिली, आणि बाकीच्या तिघी तिच्या टाचेकडे बघायला लागल्या. पक्षी आयुष्यभर चवड्यांवर चालतो, आपण ज्याला त्याचा उलटा गुडघा समजतो तो त्याचा घोटा. टार्सोमेटाटार्सस (घोट्याखालचं लांब हाड) हा शब्द त्यानंतर सांगितला तर तो कोणाला पाठ करावा लागत नाही.

मानेचे मणके तारेत ओवायला लावा. कोंबडीला ते १४च्या आसपास असतात, माणसाला ७ आणि जिराफालाही ७. पाठीचे काही मणके एकमेकांत मिसळून गेलेले सापडतात, ते तुटलेले समजून मुलं सोडवायला बघतात. तेव्हा उडताना पंखांचा हिसका कशावर पेलायचा, एवढंच विचारायचं. पंखाच्या वरच्या हाडाला खांद्याजवळ एक भोक असतं, त्यातून हवेच्या पिशवीचा फाटा हाडात शिरतो, ते शोधायला लावा. पायांचे पंजे न शिजवता ठेवले असतील तर कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात. चिमट्यानं एक ओढली की बोटं मिटतात. फांदीवर झोपलेला पक्षी पडत का नाही, हा प्रश्न पुढं मुलं स्वतःच विचारतात.

माळकरी घरातली किंवा मांसाला हात न लावणारी मुलं असतातच. त्यांना वेगळं पण तितकंच अवघड काम द्या. जंगलातून बिजा आणि येन (ऐन) या झाडांची सुकी फळं आणायची. बिज्याचं फळ चकतीसारखं, मध्ये बी आणि भोवती गोल पडदा. येनच्या फळाला पाच पंख. एका मापाचा कागद आणि एक यू-पिन एवढ्यावर स्वतःचं बी बनवायचं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडायचं आणि मोबाइलवर वेळ मोजायची. ज्याचं सगळ्यात उशिरा पडेल तो जिंकला. पंख मोठा केला की बी जास्त तरंगेल असं सगळ्यांना वाटतं. ते कलंडतं आणि दगडासारखं खाली येतं. मग भार मध्ये आणायचा, कडा वाकवायची, पुन्हा सोडायचं.

सिकलसेलचं नाटक

आमचा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा. दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्तानं गावोगाव रात्र-रात्र नाटकं चालतात, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा आधीच लागलेल्या असतात. वर्गात दोन-तीन तरी मुलं अशी असतात ज्यांनी स्टेजवर काम केलंय किंवा ज्यांचा काका तबल्यावर बसतो. ही मुलं पहिल्या बाकावर कधी दिसत नाहीत. प्रथिननिर्मिती शिकवायला मला तीच लागतात.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागातल्या घरांना नवा नाही. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावात तपासणीही पुष्कळ होते. म्हणून नाटकाआधी एक नियम: कोणाचाही रिपोर्ट विचारायचा नाही, घरच्या माणसांची वंशावळ काढायला लावायची नाही, कुठल्याही समाजाचं नाव संवादात येणार नाही. कोणी स्वतःहून बोललं तर ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या साखळीचा संदेश असा सुरू होतो: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी. आठ मुलं एकेका कोडॉनची, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दाची, पाटी धरून रांगेत उभी राहतात. दोन मुलं रायबोसोम, म्हणजे संदेश वाचून प्रथिन जोडणारं यंत्र, ती रांगेवरून सरकतात. बाकीचे अमिनो आम्लं आणून देणारे टीआरएनए: एका हातात अँटिकोडॉनची (कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांची) पाटी, दुसऱ्या हातात अमिनो आम्लाचं नाव लिहिलेली पिशवी. पाट्या मुलांनीच लिहायच्या, तुम्ही तपासायच्या नाहीत. निम्मे टीआरएनए अँटिकोडॉन सरळ डावीकडून उजवीकडे लिहून आणतात, आणि दोन्ही धागे एकमेकांच्या उलट दिशेनं चालतात हे विसरतात. रांगेत जागेवर आले की अक्षरं जुळत नाहीत, साखळी अडते आणि अख्खा वर्ग ओरडतो. पाटी उलटी फिरवून धरायची हे कोणाला सुचतं ते बघत राहा, सांगू नका.

साखळी नीट झाली की पहिलं जीएजी पुसून जीयूजी करायचं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापलं जातं, म्हणून ही जागा सहावी मोजतात. १९४९मध्ये लायनस पॉलिंगच्या गटानं हा आजार रेणूच्या पातळीवरचा असल्याचं दाखवलं, आणि काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅमनं तो एका अमिनो आम्लाच्या बदलावर आणून ठेवला. हे सूत्रधाराच्या तोंडी घालता येतं, आमच्या मुलांनी ते पेटीवर गाऊन घातलं होतं.

दुसरा अंक हिमोग्लोबिनचा. प्रत्येक रेणूच्या खांद्यावर लाल ओढणी, म्हणजे ऑक्सिजन. ओढणी असेपर्यंत सगळे मोकळे फिरतात. ओढणी काढून घेतली की व्हॅलिनवाल्यांनी शेजाऱ्याचा हात धरायचा, कारण पाण्याला नको असलेलं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. बघता बघता रांग होते, रांग ताठ होते, आणि पेशीचा गोल म्हणून धरलेलं धोतर ताणून विळ्यासारखं होतं. आता मुलांना विचारा: ज्याच्याकडे एकच बदललेलं जनुक आहे, त्याचं नाटक कसं बसवाल? निम्म्यांना व्हॅलिन, निम्म्यांना ग्लुटामिक दिलं तर रांग किती लांब जाते? हा प्रसंग त्यांना स्वतः बसवू द्या. अशा वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियाचा गंभीर आजार कमी होतो हे त्याच वेळी सांगितलं तर हे जनुक इथं टिकून का राहिलं ते गडचिरोलीच्या पोराला समजावून द्यावं लागत नाही.

तिसरा अंक नाण्यांचा, तो बाकावर बसून. आई-बाप दोघेही वाहक. दोन नाणी एकदम उडवायची, दोन्ही काटे आले तर ते मूल आजारी. प्रत्येक गटानं चार-चार मुलांची कुटुंबं तयार करायची. त्याआधी सगळ्यांकडून लिहून घ्या: एकही मूल आजारी नाही अशी कुटुंबं किती निघतील? बहुतेकजण लिहितात, एकही नाही, चारांत एक आजारी असणारच. वर्गानं मिळून १०० कुटुंबं केली तर ३०-३२च्या जवळपास कुटुंबांत एकही निघत नाही. तीन-चतुर्थांश चार वेळा गुणून बघा, ०.३१६ येतात. गावात ‘त्यांचं पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ असं बोलणारे आहेत, त्यांना उत्तर देता यावं म्हणून हा अंक.

बाकीचे, थोडक्यात

धानाच्या गादमाशीचे चंदेरी पोंगे (अळीमुळे पोकळ नळीसारखे झालेले फुटवे) ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं घरच्या बांधीतून आणू शकतात. टोकाला भोक नसलेले पोंगे निवडायचे, बुडखे पाण्यात, बाटलीच्या तोंडावर मलमल. डासासारखी तांबूस माशी निघेल असं सगळे लिहितात. पुष्कळदा बारक्या काळ्या गांधीलमाश्यांचा घोळका निघतो, एकाच अळीतून कितीतरी. त्या प्लॅटिगॅस्टर, गादमाशीच्या अळीवर जगणाऱ्या. फवारणी कधी करायची यावर घरी वाद होतो तो त्यानंतर.

केळीतून डीएनए काढायचा प्रयोग सगळीकडे करतात. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, तेव्हा अल्कोहोलच्या नावानं विभागात कागदी घोडे नाचवत बसू नका, मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थंड करून वापरा. पण पांढरे धागे दिसले म्हणून डीएनए मिळाला असं मानू नका, फळातलं पेक्टिनही असंच दिसतं. साबण न घालता एक नळी करायला लावा आणि काय फरक पडला ते लिहायला सांगा.

फळमाश्या पाळायच्या तर रवा, गूळ, चायनाग्रास आणि यीस्टचं खाद्य पुरतं. २५ अंशांना त्यांचं जीवनचक्र दहा दिवसांत होतं, ३० अंशांच्या आसपास नर वांझ होतात. बेशुद्ध करायला ईथर नको, बाटली बर्फात काही मिनिटं धरली की पुरे.

फोल्डस्कोप मिळाले तर घ्या. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो आणि एसटीच्या पिशवीत मावतो.

मार्क आणि बाह्य परीक्षक

सुंदर दिसण्याला शून्य मार्क. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, नाहीतर मुली रात्रभर जागून किनार रंगवत बसतात. मी २०पैकी असे देते: आधी लिहिलेल्या अंदाजाला ५, रोजच्या नोंदींना ५, अंदाज फसल्यावर काय बदललं याला ५, तोंडी प्रश्नांना ५. अंदाज बरोबर आला की चूक, याला मार्क नाहीत. अंदाजाच्या पानावर त्याच दिवशी तुमची सही हवी, नंतर घातलेली तारीख मला लगेच ओळखू येते आणि तुम्हालाही येईल.

गट चौघांचा, त्यापेक्षा मोठा नको. गटात मुलं-मुली मिसळून असतील तर चाकू-चिमटा मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात हे आपोआप घडतं. दर आठवड्याला कामं बदलायची आणि ते वहीत लिहायचं. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना झाडाकिड्यांची त्यांच्या बोलीतली नावं वहीत लिहायला सांगा, ही मुलं जंगलातलं आपल्यापेक्षा जास्त ओळखतात पण इंग्रजी पुस्तकासमोर गप्प बसतात.

बाह्य परीक्षक येतात तेव्हा टेबलावर गाळाच्या बाटल्या बघून नाक मुरडतात, “मॉडेल कुठं आहेत?” म्हणून विचारतात. भांडू नका. सर्टिफिकेट लावलेलं जर्नल पुढं करा, अंदाजाचं पान उघडून द्या आणि मुलालाच बोलू द्या. सांगाडा जोडलेला मुलगा घोट्याबद्दल बोलायला लागला की परीक्षकांचा चहा निवतो.

वर्षाची आखणी

कॅलेंडर विद्यापीठाचं असलं तरी मुलं धानाच्या कॅलेंडरवर चालतात. रोवणी आटोपली की गाळाच्या बाटल्या, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी रंग दिसतात. सप्टेंबरात पोंगे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीमुळे वर्ग निम्मा असतो, तेव्हा काही नवीन सुरू करू नका, आलेल्यांकडून वह्या पूर्ण करून घ्या. दिवाळीनंतर नाटक, तेव्हा सगळ्यांच्या अंगात तसंही नाटकच असतं. डिसेंबर-जानेवारीत फळमाश्या आणि कोंबडीची हाडं, थंडीत वास कमी येतो. उन्हाळ्याकडे सरकलं की दोन्ही बंद.

मार्चमध्ये मुलं पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि दहाच्या तासाला डुलक्या घेतात. मोहफुलं भिजवून किण्वनाचा प्रयोग करू, असं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. विभागात मोहाचा वास आणि बाहेर दारूबंदी, ही कटकट नको. गुळाचं पाणी, यीस्ट आणि बाटलीच्या तोंडाला फुगा घ्या. एक बाटली सावलीत, एक मार्चच्या उन्हात, आणि कोणता फुगा आधी फुगेल ते आधी लिहून घ्या.